चार मिनिटांची फेरी

माझी आत्या फवारणीच्या विमानात औषध भरते. वीस वर्षं झाली, पण तिच्या रागाला अजून सगळी धावपट्टी टरकून असते.

तिचा नियम एकच. शेतावर खाली येण्याआधी उंचावरून एक फेरी मारायची आणि विजेच्या तारा डोळ्यांनी बघून घ्यायच्या. त्याला चार मिनिटं लागतात. तेवढीही आज आमच्या शहाण्याला, म्हणजे माझ्या पायलट भावाला, नव्हती. तो थेट पिकावर घुसला. दुसऱ्या खेपेसाठी परतला तेव्हा आत्यानं औषधाचा पाइप जोडलाच नाही.

"फेरी का नाही मारलीस?"

"वारा सुटायच्या आत संपवायचं होतं, आत्या. आणि तिथली तार मला तोंडपाठ आहे."

"खाली उतर."

"अगं, अर्धं शेत राहिलंय."

"राहू दे. उतर म्हणते ना."

तो कुरकुरत उतरला. आत्यानं शेडमधून त्या शेताचा जुना नकाशा आणला आणि त्याच्या छातीवर आपटला. त्यावर लाल पेन्सिलीनं तार काढून शेजारी 'जपून' असं लिहिलं होतं.

"अक्षर कुणाचं?"

"बाबांचं."

"हे लिहिल्यावर तीन महिन्यांनी तो याच तारेत अडकून गेला."