वत्सलाताईंचा चौकीदार

मी एकदा एक जिवंत माणूस पुसून टाकला. व्हिडिओ गेममधलाच होता, पण वत्सलाताईंच्या लेखी जिवंत. तेव्हा मी जेमतेम अडुसष्टची, म्हणजे अगदीच अल्लड. यंत्राने विचारलं, ‘जागा नाही, जुनं काढू का?’ आणि मी माळा आवरावा तशी ‘हो’ दाबून मोकळी झाले.

वत्सलाताई माझ्या थोरल्या नणंद. रेल्वेच्या चौकशी खिडकीवर जन्म काढला, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर आमच्याकडेच राहिल्या. नात तन्वी नोकरीला बंगलोरला गेली, तिचा गेम मागे राहिला आणि ताईंनी तो ताब्यात घेतला. भुताटकी आणि मारामारीचा खेळ. ओसाड इस्पितळ, हातात टॉर्च, पिस्तुलात फक्त तीन गोळ्या. अंधारातून प्रेतं चालून आली की मी पदरात तोंड लपवायचे. ताई मात्र चष्मा सावरून खिडकीवरच्याच आवाजात म्हणायच्या, “लाइन में आओ भैया, धक्का मत दो!”

खेळात एक लंगडा चौकीदार शेवटपर्यंत सोबत असतो. शेवटचं दार उघडलं की तो ते अडवून धरतो. आपण सुटतो, तो मरतो. ताईंनी हे एकदा पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून खेळून त्या दाराशी आल्या आणि थांबल्या त्या थांबल्याच. रोज दुपारी चारला, चहा घेऊन, त्याच्याशेजारी दहा मिनिटं उभं राहायचं आणि बंद करायचं.

“अहो ताई, खेळायचंच नाही तर लावता कशाला?” मी वैतागायचे. चहा निवतो, माझी मालिका बुडते!

“दार उघडलं का तो मरते. मग उघडायचं काहून? जन्मभर लोकायले ‘गाडी सुटली’ सांगितलं मी. आता नाही सांगत.”

कपाळ माझं! मी निवलेला चहा पुन्हा गरम करायला उठायचे.

त्यांच्या वाढदिवसाला मी हौसेने त्याच खेळाचा दुसरा भाग घेतला आणि वर सांगितलेला पराक्रम केला. ताई अर्धा तास खेळल्या. बंदुका दहा, भुतं मालगाडीच्या डब्यांसारखी, संपता संपेनात.

“पहिल्यात तीनच गोळ्या होत्या, म्हणून एकेक पाऊल ऐकू येत होतं. यात गोळ्या बोरं लुटल्यासारख्या. मी भिऊन नाही राहिली, थकून राहिली. अन् चौकीदार कुठाय? भिंतीवर फोटो!”

मग त्या जुना खेळ शोधायला गेल्या. तो नव्हता. इथल्या हिंदी मुलखात वाढलेल्या तन्वीला फोन लावला.

“आजी, गेम तो वापस आ जाएगा, पर शुरू से खेलना पड़ेगा.”

ताई ओरडल्या नाहीत. फक्त मला ‘सुमे’ म्हणायचं सोडलं. “आपण वरण घेणार का?” सकाळ-संध्याकाळ ‘आपण’! त्यापेक्षा ती प्रेतं बरी.

शेवटी मीच खेळायला बसले. ताई सकाळी तेलीबांध्याच्या तळ्यावर फिरायला गेल्या की दार लावून मी टॉर्च धरायचे. पहिल्या दिवशी तिन्ही गोळ्या एका पडद्यावर झाडल्या. बिचारा वाऱ्याने हलला होता. दीड महिना किंचाळले, मेले, पुन्हा उठले. तरी ‘आपण’ चालूच. मग एका सकाळी त्या दाराशी पोचले आणि दुपारी चारला खेळ तिथूनच पुन्हा लावला. चौकीदार माझ्याशेजारी जिवंत उभा. मी ताईंना हाक मारली.

ताई जाऊन आता दोन वर्षं झाली. ते दार मी उघडलेलं नाही. रोज चारला माझाच चहा निवतो, माझीच मालिका बुडते, आणि वैतागायला समोर कोणी नसतं. त्या दुपारी माझी हाक ऐकून ताई कप घेऊन आल्या, टीव्हीजवळ जाऊन त्याला नीट निरखलं आणि म्हणाल्या,

“हा माझावाला नाही, सुमे. माझावाला तू पुसला. हा तुझ्या भरोशावर इथवर आला, आता याच्यापाशी तूच उभी राहत जा. अन् सरक थोडी, मले बसू दे.”