टायरचा धूर, क्लचचा धूर

सदूमिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी कसाऱ्याला एका जुन्या जीपच्या बॉनेटवर कोपर टेकून उभा होतो. माझा जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचा धंदा आहे, आणि त्या जीपच्या मालकाला माझा भाव पटत नव्हता. फोनवर मुरबाडचा स्पेअरपार्टवाला होता. म्हणाला, "सदूमिस्त्री गेले. चारला उचलणार हायेत. म्हटलं तुमाला कळवावं, एके काळी तुमी दोघं..." पुढचं त्यानं गिळलं. मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि मालकाला सांगितलं की जरा क्लच बघतो. आत बसलो, हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन जागच्या जागी बंद पडलं. क्लच धडधाकट असला की असंच व्हायला हवं; घसरता क्लच असेल तर गाडी हलत नाही आणि इंजिन मात्र खुशाल चालू राहतं. ही परीक्षा मला सदूमिस्त्रींनी शिकवलेली. इंजिन बंद पडलं आणि पुढं काय करायचं ते मला आठवेना... मालक खिडकीशी येऊन म्हणाला, "काय शेठ, झोपलात काय?" सौदा तसाच टाकून मी निघालो. पण मुरबाडला गेलो नाही. चार वाजता शहापुरात माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहिलो. नऊ वर्षं त्यांच्याशी माझं बोलणं नव्हतं. समोरचा आता या जगात नसला तरी आधी वाकायचं ते आपण, हे मला जमलं नाही.

मुरबाडच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचं गॅरेज. चार खांब, वर पत्रे, कडेला एक आंबा आणि मागं काळा कातळ. बोर्ड कधी लावलाच नाही. पण गिअरबॉक्स उतरवायचा असला की किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंतच्या गाड्या तिथंच यायच्या. मिस्त्री माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, अंगानं किरकोळ आणि बोलायला त्याहून कमी. उतरवलेली क्लचप्लेट ते आधी नाकाशी धरत आणि मग डोळ्यांशी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी हमाली करता करता लायसन काढलं होतं आणि शहापूरच्या स्टँडवर दुसऱ्याची काळी-पिवळी जीप चालवत होतो. स्वतःची पहिली जीप घ्यायची ठरली तेव्हा पारख करायला त्यांना सोबत नेलं. तीन तास मी मालकाशी घासाघीस केली, आवाज चढवला, दोनदा उठून निघालो, दोनदा परत बसलो. मिस्त्री बाजूला विडी ओढत होते. जीप घेऊन परत येताना म्हणाले, "किसन, तुझ्या तोंडाला क्लचच नाय रे. एकदा गिअर पडला की सुटलास." त्यांनी माझी केलेली एवढीच काय ती स्तुती.

आमच्या स्टँडवर दसऱ्याची एक रीत होती. झेंडूचे हार, चारही चाकांखाली लिंबं, लिंबं चिरडून गाडी दोन हात पुढं घेतली की पूजा झाली, इथपर्यंत सगळीकडे असतं. आमच्याकडे त्यापुढं टायर जाळायची चाल पडली होती. गाडी जागेवर ठेवून मागची चाकं गरागरा फिरवायची, धूर काढायचा, आणि डांबरावर काळा पट्टा उमटवायचा. ज्याचा पट्टा सगळ्यांत काळा त्याला दिवाळीपर्यंत रोजचा पहिला नंबर, म्हणजे सकाळी उतरणारे पॅसेंजर आधी त्याच्या जीपमध्ये. मिस्त्रींना हा प्रकार आवडत नसे. "तुमचा दसरा होतो आणि माझी दिवाळी," म्हणायचे, कारण दुसऱ्या दिवसापासून स्टँडवरच्या चार-पाच जीपा तरी त्यांच्या दारात येऊन पडत. तरीही मी फार मागं लागलो तेव्हा एका दुपारी त्यांनी मला शिकवलं.

त्यांच्याकडे एक मोडीत निघालेली जीप होती. तिला मागं गुळगुळीत झालेले जुने टायर चढवले. पुढचा बंपर जमिनीत पुरलेल्या सागाच्या ओंडक्याला टेकवला आणि मागच्या चाकांखाली कातळावर चार बादल्या पाणी ओतलं. "कोरड्यात करायचंच नाय. चाकाला सुटायला वाट पायजे, नायतर आतलं काय तरी तुटतंय." इंजिन गरम होऊ दिलं. चाकं सरळ आहेत का ते खाली वाकून पाहिलं. हँडब्रेकला हात लावू नको म्हणाले, तो मागच्याच चाकांना धरतो आणि आपल्याला तीच मोकळी हवीत. मग मला डाव्या पायातली चप्पल काढायला लावली, पायाला क्लच कळला पाहिजे म्हणून. पहिल्या खेपेला मी क्लच हळूहळू सोडला. आम्ही घाटातले ड्रायव्हर. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची ही पायाला लागलेली खोड. मिस्त्रींनी बॉनेटवर थापच मारली. "घाटात हायस काय रे? अर्धा सोडलास की आत प्लेट घासते. मग जळते ती प्लेट, टायर नाय! सोडायचा तर पुरा सोड, नायतर सोडूच नको." चौथ्या खेपेला पाय एकदम उचलला गेला. चाकं सुर्रकन फिरली, पाणी मागं आंब्यापर्यंत उडालं. पाच आकडे मोजून ते ओरडले, "बस! आधी क्लच दाब, मग रेस सोड!" इंजिन बंद केल्यावर ते जीपखाली सरकले आणि क्लचच्या घरावर पालथा हात ठेवला. बाहेर आले ते हसतच. "नुसती कोमट. गाडीला कळलंसुदा नाय." माणसाचा चेहरा एवढा उजळलेला मी फार कमी वेळा पाहिलाय...

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. दोन वर्षांनंतरचा दसरा. आठवड्यापूर्वीच मिस्त्रींनी माझ्या जीपची प्लेट निम्मी संपल्याचं सांगितलं होतं. "दिवाळी झाली की बदलू, तवर जपून चालव." मी टायर जाळणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी खर्डीच्या एका कुटुंबाला साखरपुड्यासाठी माळशेज घाटावरून पलीकडे न्यायचं होतं, अकरा माणसं, त्यात तीन लहान पोरं. पण शेणव्याचा बाळू, आदल्या वर्षीचा पहिल्या नंबरचा मानकरी, सगळ्यांसमोर म्हणाला, "किसन नुसता तोंडानं धूर काढतो रे, गाडीनं काढायची त्याची टाप नाय." माझं डोकं फिरायला तेवढं पुरलं. पाणी नाही, ओंडका नाही, पायात चप्पल तशीच. रेस दिली आणि क्लच सोडला... पण रागातसुद्धा पायानं घाटातलंच केलं. मध्येच थांबला. जीप थरथरली आणि खालून पांढरा दाट धूर उसळला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. धुरात डांबरावर पट्टा आहे का नाही हे कोण बघतंय? बाळूनं स्वतः माझ्या गळ्यात हार घातला.

मिस्त्री त्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांना सोनं द्यायला शहापुरात आले होते. हातात आपट्याची पानं घेऊन ते गर्दीतून पुढं आले, बॉनेटपाशी थांबले, श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो धूर टायरचा नाय. क्लचचा हाय. ही गाडी उद्या घाट चढायची नाय."

एकच हशा पिकला. बाळूनं हार काढून घेतला. वेळ ठरवायला आलेले खर्डीचे गृहस्थ तिथंच उभे होते. "राग मानू नका, आमची पोरं लहान हायेत," म्हणाले आणि दुसऱ्या जीपकडे वळले. मिस्त्रींनी माझ्यापुढं पानं धरली. मी त्यांच्या हातावर फटका मारून ती रस्त्यावर उडवली. "कानात सांगता आलं नसतं?" मी ओरडलो. ते वाकले, एकेक पान वेचलं, आणि मुरबाडच्या एसटीकडे चालू लागले. तेव्हापासून स्टँडवर माझं नाव 'धुरी' पडलं. ती जीप मी मुद्दाम दुसऱ्या मिस्त्रीकडे उघडली. मिस्त्री म्हणाले ते खरं निघालं: प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली, ती जिच्यावर घासते ती फ्लायव्हीलची चकती जळून निळी पडलेली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नंतर मी जीप चालवणं सोडून गाड्यांच्या धंद्यात पडलो. शेड टाकली. लोक धुरी विसरून शेठ म्हणायला लागले. मी विसरलो नाही. मिस्त्रींना छातीचं दुखणं लागल्याचं कळलं, दोनदा निरोपही आला. एकदा ते एसटीच्या खिडकीत दिसले, तपासायला ठाण्याला निघाले असावेत. त्यांनी हात वर केला. मी मान फिरवली.

तेरावं झाल्यावर पाचव्या दिवशी मी मुरबाडला मिस्त्रींच्या घरी गेलो. वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. "आलात भावजी?" एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. चार माणसांसारखं दुःखाचं बोलावं असं ठरवून गेलो होतो, पण कप हातात आला आणि तोंडून निघालं ते हेच, "वहिनी, त्यांनी मला कानात सांगायला पायजे होतं." त्या रागावल्या नाहीत. "मीपण घरी आल्यावर त्यांना तेच बोलले होते," म्हणाल्या. "तर म्हणाले, कानात सांगितलं असतं तर किसननं मला गुंडाळला असता. म्हणाला असता, मिस्त्री, हळू चढवतो, माणसं दोन कमी घेतो, एवढी एक फेरी होऊ द्या... आणि मी हो म्हटलं असतं. बोलण्यात त्याच्याशी मी कधी जिंकलोय?"

चहा तसाच राहिला. कारण ते शब्द त्या दिवशी माझ्या जिभेवर तयार होते. हळू चढवतो, माणसं कमी घेतो, अगदी हेच. मिस्त्री बोलायच्या आधीच खालचा जळका वास मला आला होता, आणि गळ्यात हार असताना मी मनात ही जुळवाजुळव करून ठेवली होती. वहिनी म्हणाल्या, "येईल म्हणायचे. राग मोठा हाय त्याचा, पण येईल." नऊ वर्षं माणूस वाट बघत होता आणि मी माफीची वाट बघत होतो, तीही त्याच्याकडून.

गेल्या आठवड्यात खर्डीचे एक मास्तर बायको आणि भावाला घेऊन शेडवर व्हॅन बघायला आले. गाडी त्यांच्या मनात भरली होती, बायको तर मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. शेडमध्ये आणखी चार गिऱ्हाइकं होती. मी खुर्चीतूनच म्हणालो, "मास्तर, हिचा दुसरा गिअर उतारावर निसटतो. घाटात नेऊ नका." सगळ्यांच्या माना वळल्या. मास्तरांनी बायकोला उतरायला सांगितलं आणि ती मंडळी आभार मानून निघून गेली. माझा मेहुणा धंद्यात माझ्या जोडीला असतो. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "दाजी, एवढ्या लोकांत कशाला? बाजूला घेऊन सांगायचं ना."

"बाजूला घेतलं असतं," मी म्हणालो, "तर मी विकली असती."