बाभळीच्या काट्याचं भोक

ते पोतं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कळंब तालुक्यातल्या एका ठाण्यात मी प्रभारी होतो. एक एजंट फिर्याद घेऊन आला. माशाच्या पोटातला हवेचा फुगा वाळवून परदेशात पाठवतात आणि तिकडं त्याचं सूप करतात, हे मला त्या दिवशी कळलं. मासा तळून खाण्यापलीकडं आमची अक्कल नव्हती.

एजंटाचं म्हणणं असं, की धरणाजवळच्या गावातली एक मावशी माल वाळवून त्याची प्रत लावते. तिनं जाड, पहिल्या प्रतीचे फुगे लंपास करून पोत्यात पातळ, डागाळलेले भरले. मुंबईच्या व्यापाऱ्यानं पोतं परत पाठवलं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी घ्यायचा, हा नियम. महिला शिपाई, दोन पंच आणि ते पोतं घेऊन निघालो आणि जीप थेट तिच्या दारात लावली. अंगणात दोऱ्यांवर फुगे वाळत होते. धरणावर मासे कापणाऱ्या साऱ्या बायका आपला माल हिच्याच हाती देत.

"मावशी, खरं सांगा. चांगला माल कुठं गेला?" मी दरडावलं.

ती घाबरली नाही. "आधी पोतं तर सोडा, साहेब." एकेक फुगा तिनं उन्हात धरून पाहिला. "ह्यो माल माझा न्हाय. भोक बघा, तारंत ओवलंय. म्या बाभळीच्या काट्यानं भोक पाडून सुतात ओवते. लोखंड लागलं की डाग पडतो, मग प्रत उतरती."

खरंच, पोत्यातल्या फुग्यांच्या भोकांभोवती गंजाचं तांबूस कडं होतं. दोरीवरच्या एकालाही नव्हतं. पंचनाम्यात तसं नोंदवलं, नमुना घेतला. मनात मात्र म्हटलं, बाई लई हुशार दिसते.

चौथ्या दिवशी एका जुन्या खबऱ्यानं सांगितलं, की माल मुंबईला निघाला त्या दिवशी येडशीजवळ भरदुपारी एजंटाच्या टेम्पोतून एक पोतं उतरलं आणि दुसरं चढलं. टेम्पोचालकाला बोलावलं. त्याच्यापुढं दोन फुगे ठेवले, एक तारेचा, एक काट्याचा. चहा मागवला आणि गप्प बसलो. ओरडण्यापेक्षा गप्प बसल्यानं माणूस लवकर बोलतो.

"मालकानंच सांगितलं, साहेब," तो म्हणाला. "चांगला माल दुसऱ्याला इकला, आन् नाव मावशीवर घातलं."

चोराच्या उलट्या बोंबा. एजंटाला अटक झाली.

मी खुशीत मावशीकडं गेलो. म्हटलं, "तुमच्यावर आता काही नाही. कागदावर सगळं स्वच्छ आहे."

"जीप समद्या गावानं बघितली, साहेब. तुमचा कागूद कोण बघतंय? त्या दिसापासून एक बाई माल घिऊन आली न्हाय."

दोऱ्या रिकाम्या होत्या. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्दीत धरणावर गेलो. मासे कापत बसलेल्या बायकांसमोर म्हणालो, "मावशीचा हात खरा आहे. चूक माझी झाली." मग एक म्हातारी उठली आणि फुग्यांची पाटी डोक्यावर घेऊन मावशीच्या घराकडं चालू लागली.

पुढं निवृत्त होईपर्यंत जबाबासाठी जाताना जीप मी वेशीबाहेर उभी केली आणि दारापर्यंत पायी गेलो.