चोकच्या पेटीवरचा टॉवेल

नव्वदच्या दशकात, बंगळुरातल्या चामराजपेटेच्या घरी, माझ्या बायकोनं एका अंधाऱ्या खोलीत ट्यूबलाइटखाली आफ्रिकन व्हायोलेटची झाडं वाढवली. ट्यूब बसवणारा मिस्त्री प्रत्येक ट्यूबला जोडीचा चोक शोधायचा आणि लेकराचा ताप बघावा तसा त्याला उलटा हात लावायचा. "स्वल्प गरम आहे, अण्णा. ह्याला वारा लागतो," म्हणत त्यानं सगळे चोक एका पत्र्याच्या पेटीत बसवले आणि पेटीला भोकं पाडली.

त्या पेटीच्या गुणगुणीनं माझी दुपारची झोप मोडायची. मी तिच्यावर टॉवेलची घडी ठेवून दिली. ऐन कळ्या धरताना चोक जळाले.

"मिस्त्रीचं कामच कच्चं," मी हिला म्हणालो.

तो आला तेव्हा ही स्वयंपाकघरात होती. करपलेला टॉवेल उचलून त्यानं माझ्याकडे पाहिलं, तो आपल्या पिशवीत टाकला आणि हिला हाक मारली. "अक्का, चूक माझी. भोकं लहान पडली."

मग नवे चोक बसवताना त्यानं प्रत्येकाखाली रबराचा एक तुकडा सरकवला.

पेटी पुन्हा गुणगुणली नाही. फुलं आली, अजून येतात, आणि दुपारी मला छान झोप लागते. पण पहिली भोकं पुरेशी होती. हे आज हिला वाचून दाखवणार आहे.