वल्ल्या भिंतीवरची छत्री

मालकीणबाईनं मला परकराचा ओचा सोडायला लावला. भर अंगणात, समद्यांच्या देखत. आधी एक नळी पडली. लाल रंगाची, पार चेपलेली, बुडाला इवलासा रंग राहिलेली. मग एक कागद पडला. एका बाजूनं कोरा.

"चोरी करायलीस?"

"टाकून दिलेली व्हती बाई. उकिरड्यावरून उचलली."

"तुला कशाला पायजे रंग?"

मी बारा वर्षांची. खरं सांगितलं की सुटका व्हती, एवढीच अक्कल. म्हणलं, "मायला पायजे. तिचं मन बरं न्हाई."

मालकीणबाई हसली. पाणी शेंदणाऱ्या बाईला म्हणली, "ऐकलंस का गं? ह्यांच्यातबी मन बिघडायलंय आता." मग माझ्याकडं वळली. "तुमच्या लोकाला कसलं आलंय मन? पोटाला कमी पडलं की असंच व्हतंय. भाकर घे आन् गप कामाला लाग."

तिनं वरून भाकर टाकली. मी झेलली. सांगायची लाज वाटते, पण झेलली. नळी तिनं चपलेनं चेंगरली. लाल रंग मातीत गेला आन् तोबी मलाच खरडून काढायला लावला.

आमचं गाव चुडावा स्टेशनाच्या पलीकडं, चालत तासाभरावर. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला तवा आमची वस्तीबी पेटली. दिवस मावळायच्या टायमाला. झिमझिम पाऊस व्हता. छपरं वल्ली, पेट घेईनात, म्हून रॉकेल वतलं. माय धाकट्या भावाला काखेत मारून, माझा हात धरून वढ्याकडं पळाली. बाप मोंढ्यात हमालीला गेल्ता, परभणीला. सकाळी परत आलो तर चार काळ्या भिंती.

त्या दिवसापासून माय बोलली न्हाई. काम करायची, भाकरी थापायची, पर तोंडातून शब्द न्हाई. झोप तर न्हाईच. गुडघ्यावर हनवटी ठिवून बसायची आन् उजव्या हाताचं बोट मातीवर फिरवत राहायची. कुणी म्हणायचं बाहेरचं लागलंय. कुणी म्हणायचं नाटक करायली. बाप बेजार झाल्ता. दोन येळंला देवऋषाकडं न्यायची गोष्ट निघाली, तवा आमच्याच वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी दम दिला, "धम्म घेतलाय आपण. असलं काही करायचं न्हाई." बरोबर बोलले. पर मग काय करायचं, हे त्यांनाबी ठाऊक न्हवतं.

आन् त्याच आगीनं अजून एक जण आजारी पडलं. मालकाची पोरगी. नंदाअक्का. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिनं माडीवरून समदं बघितलं म्हणे. तवापासून दचकायची, जेवायची न्हाई, रडायची. तिला मात्र कुणी नाटक म्हणलं न्हाई. मालकीणबाईचा भाऊ पुण्याला डॉक्टर. मनाचा डॉक्टर. तो येताना जाड कागदाचा गठ्ठा, रंगाच्या नळ्या आन् ब्रश घेऊन आला.

मला कामाला लावलं ते तिच्या रंगासाठी. ती वसरीवर बसायची, मी खाली अंगणात. स्वच्छ पाण्याची वाटी दुसरी बाई आणून ठिवायची. रंगानं पाणी घाण झालं की ती वाटी माझी. ब्रश धुवायचे ते मीच, पायरीखाली. स्वच्छ पाणी माझ्या हातानं बाटायचं. घाण पाण्याला बाटायची भीती न्हवती.

डॉक्टर वसरीवर बसून सांगायचा, मी खालून ऐकायची. "जे येतंय ते येऊ द्या. पुसायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, चांगलं-वाईट म्हणायचं नाही. मनात राहिलं तर कुजतं. कागदावर आलं की माणूस मोकळं होतं."

नंदाअक्का काढायची. लाल, काळा, लाल, काळा. आमची घरं काढायची. एकदा कोपऱ्यात काळं अर्धं वाटोळं काढलं आन् त्याच्याखाली एक माणूस.

डॉक्टरनं इचारलं, "हे काय?"

"छत्री."

मालकीणबाई लगी म्हणली, "पाऊस व्हता ना त्या दिवशी. म्हून काढली असंल."

मी मान खाली घालून ब्रश धुत ऱ्हायले. गावात तवा बाकी समदे घोंगडी न्हाईतर पोतं पांघरायचे. वाकड्या मुठीची छत्री एकाच घरात व्हती, ह्याच.

आता खरं सांगते. मला नंदाअक्काचा लय हेवा वाटायचा. तिच्या फ्रॉकचा न्हाई, दुधाचा न्हाई. तिच्या आजाराचा. तिच्या आजाराला नाव व्हतं, डॉक्टर व्हता, रंग व्हते. ती रडली की घर हलायचं. माझ्या मायचं घर जळालं, आन् आगीनं आजारी कोण पडलं, तर माडीवरून बघणारी. जळालं आमचं आन् जखम तिच्या नावावर. ब्रश धुताना माझ्या हाताला रंग लागायचा तर मी तो पाण्यात सोडायची न्हाई, पायाच्या नडगीला पुसायची. घरी जाऊस्तोवर तेवढाच माझा. कधी वाटायचं ही बरी व्हावीच नये. बरी झाली की रंग बंद, मग मायसाठी उचलायचं कुठून? असलं वंगाळ मनात यायचं. आलं ते आलं.

आगीला वर्ष उलटलं व्हतं. ती नळी सापडली त्याच्या आठच दिवसांनी दसऱ्याचा पोतारा आला. घराच्या बाहेरच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायचं काम दरसाल मायकडं. मालकाच्या घराची आतली अंगं दुसऱ्या बाया करायच्या, बाहेरची माय. माती कालवायची, फडकं बुडवायचं, वरून खाली भिंत सारवत यायचं. ह्या कामालाबी आन् ह्या फडक्यालाबी पोतारा म्हणायचे. शेवटाला, भिंत वल्ली असतानाच, खालच्या पट्ट्याला बोटांनी लाटा वढायच्या. मायच्या बोटांच्या लाटा गावात नावाजलेल्या. आन् ह्या कामाचा एक कायदा व्हता. भिंत वाळली की चालली, मग कुणीबी टेकून बसावं. वल्ली हाय तोवर ती आमच्या हातची, तिला कुणी शिवायचं न्हाई. पोताऱ्यालाबी न्हाई.

मी माती कालवून द्यायली व्हते. रस्त्याकडची भिंत झाली. माय लाटा वढायला खाली बसली. बोट लावलं आन् थांबली. मग बोट वर गेलं. एक छप्पर. एक दार. छपरातून वर जाणाऱ्या रेघा, वाकड्यातिकड्या, पार वरपर्यंत. दाराजवळ खुंटी, खुंटीला दावं, दाव्याला शेळी. पांढऱ्याखालून पावसानं काळवंडलेली जुनी भिंत दिसायची, म्हून आग काळीच उमटली. मग माय बाजूला सरकली. एक माणूस काढला. नुसता उभा. त्याच्या डोक्यावर छत्री.

माझे हात मातीतच ऱ्हायले. वसरीवर एक आन् भिंतीवर एक. दोन चित्रं, एकच माणूस.

रस्त्यानं जाणारी माणसं थांबायला लागली. मालक बाहेर आला. बघितलं. आवाज चढवला न्हाई. मला म्हणला, "पोतारा फिरव त्याच्यावर."

मायनं ते करावं असं तो म्हणला न्हाई. मला म्हणला. लेकरानं मायचं पुसावं.

मी पोतारा उचलला. हात वर गेला, खोटं कशाला बोलू. बारा वर्षांचं लेकरू, मालकानं सांगितलं की हात आपसूक उठतोय. तेवढ्यात मायकडं बघितलं. ती भिंतीवरच्या शेळीकडं बघायली व्हती आन् तिचे व्हट हलायले व्हते. वर्षानंतर पहिल्यांदा.

म्हणली, "शेळी सोडायची ऱ्हायली. माझ्याच्यानं ऱ्हायली."

एवढंच. आवाज घोगरा, दुसऱ्याच बाईचा असल्यावाणी. वर्षभर हे आत दाबून बसली व्हती. आमाला घेऊन पळाली आन् शेळी दाव्यालाच ऱ्हायली, तिचं वरडणं वढ्यापातूर ऐकू आलं, ते सांगायला तिला एक भिंत लागली. आन् ती भिंत मी पुसणार व्हते.

मी पोतारा खाली टाकला.

"न्हाई फिरवत."

"काय म्हणलीस?"

"डॉक्टर म्हणलेत, आलेलं पुसायचं न्हाई."

"ते नंदासाठी हाय."

"मायलाबी मन हाय."

मालकानं गड्याला हाक मारली. गडी आला, पोताऱ्याकडं बघितलं, आमच्या हाताकडं बघितलं आन् जाग्यावरच थांबला. "मालक, वल्ला हाय." मालकबी बघत ऱ्हायला. दोन पावलांवर फडकं पडलेलं. उचलून एक हात मारला असता तर समदं मिटलं असतं. पर शिवावं लागलं असतं. चार माणसांसमोर, आमच्या हातचं वल्लं फडकं. न्हाई शिवला. ज्या कायद्यानं आमाला पायरीखाली ठिवलं, त्याच कायद्यानं त्याचा हात बांधला.

भिंत वाळेपर्यंत दुपार झाली. तोवर अख्खं गाव बघून गेलं. नंदाअक्काबी आली. बघितलं, छत्रीवर तिची नजर अडली आन् ती आत गेली. तिनं काढली तर औषध. माझ्या मायनं काढली तर गुन्हा. वाळल्यावर गड्यानं खुरप्यानं भिंत खरवडली.

त्या दिवसापासून गावात आमचं काम बंद. बापानं आमाला परभणीला आणलं, मोंढ्याच्या मागं, मातीच्या भिंतींच्या पत्र्याच्या खोलीत. मी शिकले, मास्तरीण झाले. माय बोलायला लागली, पर रोज न्हाई. वाईट दिवस आला की मी तिच्यापुढं पांढरी माती कालवून ठिवते. ती भिंत पोतारते आन् तेच काढते. छप्पर, शेळी, छत्री. त्या दिवशी झोपते.

यंदा नामांतर झालं. पेढे वाटले, रडले. आन् महिन्याभरात शाळेत एक पत्रक आलं. रंगातून मन मोकळं करायचं शिबिर, इथंच परभणीत, बायकांसाठी. घेणारी नंदाअक्का. मी गेले. तिची चित्रं चौकटीत लावलेली. मधोमध ते जुनं, लाल-काळं. बाया म्हणायल्या, किती हळवं मन. माझ्या पोटात तोच जुना हेवा उठला. सोळा वर्षं झाली, कणभर कमी न्हाई. माझ्या मायची चित्रं दरसाल पावसात गळून गेली आन् हिची काचेत.

तिनं मला वळखलं. खुश झाली. "अगं, तू! तू माझे ब्रश धुवायचीस ना? ये, बस, तूपण काढ काहीतरी."

मी चित्राजवळ गेले. कोपरा बघितला. तिथं नुसता राखी ढग. वरून जाड रंगाचा थर.

"छत्री कुठाय?"

ती म्हणली, "झाकली ती. आता सगळं झालं ना गं, नाव पण मिळालं तुम्हाला. किती दिवस मनात धरायचं? माझं मन शांत झालंय."

"तुझं झालं असंल," मी म्हणले. तिला अगंतुगं केलं मी, पहिल्यांदा. तिनं पुढं केलेला ब्रश घेतला न्हाई. आजवर तिचे लय ब्रश हातात घेतले.

येताना दुकानातून काळा रंग घेतला, पावसानं न जाणारा. माय आता थकली, बोट थरथरतंय, छत्रीची मूठ जमत न्हाई तिला. जन्मभर दुसऱ्याच्या रंगाचा हेवा केला, सोता एक रेघ वढली न्हाई. आता वढायली. आमच्या खोलीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीएवढी. छप्पर मायचं, शेळी मायची, छत्री माझी.

पुसा म्हणणारे येतील. झालं गेलं म्हणतील, पांढरं करून टाका म्हणतील. दारात मी पांढऱ्या मातीत बुडवलेला पोतारा ठिवलाय. आमच्या हातचा हाय, वल्ला हाय. मी पुसणार न्हाई. ज्याला पुसायचंय त्यानं आधी तो शिवावा.