हनिमूनचा फॉर्म आणि दोन टेबलं

आमच्या ऑफिसातला तिसरा ड्रॉवर आता बंद होत नाही. त्यात चौदा वर्षांचे फॉर्म कोंबलेले आहेत. सर दर दिवाळीला म्हणतात, "शुभदा, ती रद्दी काढ एकदाची." मी "हो" म्हणते आणि नवे फॉर्म वरून दाबून बसवते. लोक फिरून येतात, फोटो टाकतात आणि विसरून जातात. किस्से मात्र आमच्याकडे राहतात. मैत्रिणी जमल्या आणि मी एक सांगायला घेतला, की मागचे आपोआप निघायला लागतात.

ऑफिस म्हणजे नाशकात कॉलेज रोडला पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मी आणि दीक्षित सर. युरोपातले हनिमून ही आमची खासियत. सर युरोप असा सांगतात की ऐकणाऱ्याला थंडी वाजायला लागते. कुठल्या गावात कुठल्या कोपऱ्यावर कॉफी चांगली मिळते, कुठल्या डोंगरावर सूर्य कसा मावळतो, सगळं पाठ. फक्त एक बारीकशी गोष्ट आहे. सर स्वतः युरोपला कधीच गेलेले नाहीत. कपाटात त्यांचा पासपोर्ट आहे, त्यावर एकही शिक्का नाही.

याचं दुःख सरांना नाही, वसुधाकाकूंना आहे. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. तीस वर्षांपूर्वी दोघं हनिमूनला सापुताऱ्याला गेले होते. तेव्हा सर बसची तिकिटं काढून द्यायचे. दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी सीटचा घोळ झाला आणि दोघं परत आले. "उरलेला हनिमून युरोपात करू," असं सर तेव्हा बोलून गेले. तेव्हापासून दर वर्षी काकू विचारतात, "यंदा मे महिन्यात?" आणि सर म्हणतात, "अगं, मे म्हणजे आपला सीझन."

*

आता तो फॉर्म. नुकतं लग्न ठरलेली जोडपी आमच्याकडे येतात आणि तासभर एकच खेळ खेळतात. "तू ठरव." "नाही, तूच ठरव." सर वैतागले आणि त्यांनी एक फॉर्म छापून घेतला. खाणं, वाईन, निसर्ग, तिन्हींना दहापैकी मार्क द्यायचे. खाली दोन ओळी: 'काय अजिबात नको?' आणि 'सोबत कोण?'

एकाने दाराजवळच्या टेबलावर बसायचं, दुसऱ्याने पाण्याच्या कूलरजवळच्या. एकमेकांचं बघायचं नाही. मग दोन्ही फॉर्म मी मोठ्याने वाचायचे.

एकदा एका जोडप्याचे मार्क तंतोतंत जुळले. नऊ, चार, दहा. दोघांनाही 'अजिबात नको' होतं ते म्युझियम. सर इतके खूश झाले की त्यांनी खालून पेढे मागवले. पेढा खाताना मुलीचा फोन टेबलावर वाजला. स्क्रीनवर होणाऱ्या नवऱ्याचा मघाचा, उशिरा पोचलेला मेसेज होता: 'शेवटच्या ओळीत काय लिहू?'

दोघांनी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर उतरवून घेतलं होतं. सर म्हणाले, "यांचं लग्न टिकणार."

*

'सोबत कोण?' हा प्रश्न उगाच आहे असं मला आधी वाटायचं. हनिमूनला सोबत कोण असणार?

मग पंचवटीतलं एक जोडपं आलं. त्यांच्याबरोबर मुलाची आई होती. मुलगा फॉर्म भरायला बसला तर आई त्याच्या शेजारी. "याला वांगं चालत नाही, लिही. याला सकाळी गरम पाणी लागतं, लिही." मुलगा लिहीत होता.

मी वाचायला घेतलं. मुलाने 'सोबत कोण'पुढे लिहिलं होतं, 'बायको.' मुलीने लिहिलं होतं, 'नवरा, आणि...?'

आई हसल्या. "अगं वेडे, मी काय येतेय तुमच्यात? मी आपली विमानतळापर्यंत."

सर म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. इथून मुंबईला चार तास."

"मुंबईच्या नाही हो," आई म्हणाल्या, "रोमच्या."

*

वाईनचं म्हणाल, तर आमच्या गावाला तिचा भारी अभिमान. इथला एक मुलगा गावाबाहेरच्या वायनरीत चाखायच्या विभागात कामाला होता. त्याने वाईनला दहापैकी दहा दिले. बायकोने शून्य दिला आणि कंसात लिहिलं, 'कधी घेतली नाही.' सरांनी त्यांना पोर्तुगालला पाठवलं. नदी, डोंगर, मासे आणि वाईन.

पहिल्याच संध्याकाळी नदीकाठचं छान रेस्टॉरंट, टेबलावर मेणबत्ती. मुलाने ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि शेजारच्या कुंडीत थुंकून टाकला. दिवसाला वीस-वीस वाईन चाखणारा माणूस, गिळत बसला तर दुपारीच आडवा होईल. हाताला, म्हणजे तोंडाला, सवयच तशी लागलेली.

परत आल्यावर मी मुलीला विचारलं, "मग तू काय केलंस?"

"मला काय माहीत, ताई? मला वाटलं, असंच पितात. मी पण थुंकले."

त्यांना बघून वेटर आत पळाला आणि मालकालाच घेऊन आला. मालकाला वाटलं, वाईनची मोठी माणसं तपासणीला आलीत. पुढचे तीन दिवस त्याने रोज नवीन बाटली उघडली आणि दोघं रोज मन लावून थुंकत राहिले.

*

सगळ्यात गाजला तो सायलीचा फॉर्म.

सायली दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. नवरा अनिकेत, सातपूरला कंपनीत इंजिनिअर. अनिकेतने वाईनला दहा, निसर्गाला दहा दिले आणि कोपऱ्यात द्राक्षाचा घड काढून रंगवला होता. दोन्ही बाजूंना बागा, मधून रस्ता, हातात बायकोचा हात, असं त्याचं स्वप्न.

सायलीने 'अजिबात नको'पुढे एकच शब्द लिहिला होता: 'द्राक्षं.'

सर समजावायला लागले, "अहो, तिथल्या बागा म्हणजे काय सांगू..."

"सर," सायली म्हणाली, "एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, मधे फवारण्या. बारावीचा अभ्यास मी बांधावर बसून केलाय. आता हनिमूनलाही वेलच बघू?"

सरांना ते पटलं. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "स्वित्झर्लंडला जा. जिनिव्हाच्या तळ्याकाठी हॉटेल देतो. पाणी, बर्फ, गाई. एक वेल दिसणार नाही, माझा शब्द."

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी सायलीचा व्हिडिओ कॉल आला. तिने नुसता फोन खिडकीबाहेर धरला. डोंगराच्या माथ्यापासून थेट तळ्यापर्यंत, पायऱ्यापायऱ्यांनी, द्राक्षबागा. दुसरं काहीच नाही. मागे अनिकेत आनंदाने शीळ घालत होता.

सर म्हणाले, "हे ब्रोशरमध्ये नव्हतं."

पण खरा किस्सा पुढेच. सायलीने तोच व्हिडिओ घरी पाठवला आणि पाच मिनिटांत वडिलांचा फोन. "सायले, खाली उतर बरं. एक पान उलटं करून दाखव. डावणी हाय का बघू." डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानावरचा रोग. सायली बिचारी नवी साडी नेसून बागेत उतरली आणि पानं उलटी करत बसली. तेवढ्यात तिथला म्हातारा मालक आला. त्याला मराठी येत नाही, वडिलांना फ्रेंच येत नाही, आणि दोघं फोनवर पाऊण तास बोलले. शेवटी वडील म्हणाले, "लय दाट लावलीय गं यांनी. आन वेलींना मांडव कुठंय? सांग त्यांला, एकदा दिंडोरीला येऊन जा म्हणावं."

म्हातारा जानेवारीत खरंच आला. आठ दिवस राहिला आणि मांडवाची मापं घेऊन गेला.

दुपारी काकू डबा घेऊन ऑफिसात येतात, तेव्हा जेवताना सरांनी त्यांना हा किस्सा सांगितला. काकू हसल्या नाहीत. डबा बंद करत म्हणाल्या, "एकदा जाऊन बघितलं असतंत तर तिला खोटा शब्द दिला नसतात." सर त्या दिवशी दुसरी पोळी न घेताच उठले. मलाही वाईट वाटलं, पण सरांसाठी नाही.

*

यंदा फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी काकू ऑफिसात आल्या. हातात डबा नव्हता, पर्स होती. त्या सरांच्या केबिनकडे न जाता माझ्या समोरच्या, ग्राहकांच्या खुर्चीवर बसल्या.

"शुभदा, दोन फॉर्म दे गं."

सर बाहेर आले, हसायला लागले. "अगं, हे काय?"

"नियम आहे ना? तुम्ही कूलरजवळ बसा. माझं बघायचं नाही."

सर गंमत म्हणून बसले आणि दोन मिनिटांत फॉर्म भरून मोकळे झाले. काकूंनी वीस मिनिटं लावली. मग मी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतलं.

सरांचं: खाणं दहा, वाईन शून्य, निसर्ग दहा. अजिबात नको: 'मे महिना.' सोबत कोण: 'ही.'

काकूंचं: खाणं दोन. पुढे लिहिलेलं, 'दुसऱ्या कोणी केलेलं काहीही चालेल.' वाईन दहा.

"वाईन?" सर म्हणाले. "तू कधी घेतलीस?"

"नाही ना. म्हणून तर."

निसर्ग दहा. पुढे, 'तेच तळं. एक वेल दिसणार नाही म्हणाला होतात ते.'

अजिबात नको: 'माहिती.'

सोबत कोण: 'अजून ठरलेलं नाही. चौकशी चालू आहे.'

सर चष्मा पुसायला लागले. काकूंनी पर्समधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. "माझं तिकीट झालंय. बारा मे, भर सीझन. खिडकीची सीट आहे. शेजारची शुभदाने होल्डवर ठेवलीय, शुक्रवारपर्यंत."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी तिसरा ड्रॉवर बंद करण्याचा प्रयत्न करायला लागले.

सर उठले आणि कपाट उघडून त्यांनी पासपोर्ट काढला. सहा महिने वैधता आहे ना बघा, असं रोज दहा लोकांना सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या पासपोर्टवरची तारीख बघितली. मग दुसरा चष्मा लावून पुन्हा बघितली. मग ते हळूच येऊन काकूंच्या शेजारच्या, ग्राहकांच्या खुर्चीवर बसले.

"शुभदा," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तत्काळ पासपोर्टला काय काय लागतं गं?"

मी काही बोलायच्या आत काकू उठल्या आणि पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, "आधी फॉर्म भरावा लागतो. आणि माझा बघून लिहू नका."