न लुकलुकणारा ठिपका

संध्याकाळी गच्चीवरचे पापड गोळा करताना आभाळात एक ठिपका न लुकलुकता सरकताना दिसला. सुट्टीवर आलेली आमची लेक सैन्याच्या उपग्रह तुकडीत आहे. मी विचारलं, "तुमचाच का गं?"

"बाबा, पापड मोडताहेत."

मला एवढंच कळलंय, की तिथे उपग्रह फिरवणारे वेगळे, चित्रं पाहणारे वेगळे, आणि एकमेकांना काही विचारायचं नाही. टीव्हीचा रिमोट न जमणाऱ्या मला शंका येते, मग सगळं ठाऊक कुणाला असतं?

"तुला तरी सांगतात का, कुणावर नजर आहे ते?"

ती ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. "मलाही विचारावंसं वाटतं, बाबा."

निदान तिला माहीत असेल, या भरवशावर मी आजवर निवांत झोपत होतो.